घराच्या बदल्यात घर: पुण्यातला फ्लॅट देऊन सुट्टीला जायचं असेल तर

सुट्टीचं बजेट मांडायला बसलं की प्रवासापेक्षा मुक्कामच जड जातो. चौघांचं कुटुंब, हॉटेलच्या दोन खोल्या, रात्रीचे मिळून पाच हजार धरले तरी दहा दिवसांचे पन्नास हजार नुसते झोपण्याचे. वर दोन्ही वेळचं बाहेरचं जेवण. आणि त्याच दहा दिवसांत पुण्यातलं आपलं घर कुलूप लावून बंद पडलेलं असतं.

घरांची अदलाबदल म्हणजे तुम्ही आमच्याकडे राहा, आम्ही तुमच्याकडे राहतो, भाडं कुणीच कुणाला द्यायचं नाही. युरोपात १९५३ मध्ये शिक्षकांनी एकत्र येऊन याची रीतसर सुरुवात केली. सुट्टी लांब आणि पगार बेताचा, त्यामुळे त्यांना ही पद्धत सोयीची वाटली यात नवल नाही. आपल्याकडे ओळखीपाळखीत हे पूर्वीपासून चालतं. आता अनोळखी माणसांबरोबरही करता येतं, आणि तिथेच लोक बिचकतात.

आम्ही कोथरूडचा आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट देऊन कोलकात्याला आणि म्हैसूरला राहून आलो आहोत. त्या अनुभवावरून सांगते, यात पैसे वाचतात पण कष्ट वाचत नाहीत. घर आवरणं, माहिती लिहून काढणं, सोसायटीशी बोलणं हे सगळं तुम्हालाच करावं लागतं. ज्यांना आपल्या घरातल्या उणिवा आधी सांगायला संकोच वाटत नाही, त्यांचं छान जमतं. बाकीच्यांनी सरळ हॉटेल बुक करावं.

१. आधी घरातल्यांचा होकार घ्या

नवरा-बायकोचं ठरलं म्हणजे घराचं ठरलं असं होत नाही. सासू-सासरे किंवा आई-वडील सोबत राहत असतील तर त्यांच्या खोलीत कोण झोपणार, त्यांचं कपाट कोण उघडणार, हे त्यांना पहिल्यांदा विचारा. मुलांनाही विचारा, दहा वर्षांच्या मुलाला आपल्या सायकलला कुणी हात लावलेला चालणार आहे का, हा प्रश्न खरा आहे.

देवघराचं आमच्याकडे असं ठरलं आहे की सासूबाई देव नणंदेकडे पूजेला ठेवतात आणि देवघराला पडदा लावतात. एरवीही गावाला जाताना त्या तेच करतात, त्यामुळे त्यात वेगळं काही वाटलं नाही.

स्वयंपाकघराचा प्रश्न त्याहून अवघड. शाकाहारी घरात मासे शिजलेले चालणार आहेत का? कोलकात्याच्या कुटुंबाला दहा दिवस मासे करू नका म्हणणं म्हणजे त्यांच्या सुट्टीतला अर्धा आनंद काढून घेणं. आम्ही घरात बसून यावर नीट बोललो आणि एक कढई, एक तवा, दोन पातेली आणि एक सुरी असा वेगळा संच काढून ठेवला. पाहुण्यांनी तोच वापरायचा, ओटा पुसून ठेवायचा आणि खिडकी उघडी ठेवायची. तुमच्या घरी हे अजिबात चालणार नसेल तर तेही योग्यच आहे, फक्त ते पहिल्या दिवशी जाहिरातीत लिहा. तिकिटं काढून झाल्यावर सांगितलं तर समोरच्याची अडचण होते आणि राग येतो तो निराळाच.

२. अदलाबदलीचे प्रकार समजून घ्या

एकाच वेळची अदलाबदल सर्वात सोपी असते. तुम्ही निघता तेव्हा ते येतात. पण तारखा जुळाव्या लागतात, आणि खरी कसोटी तिथे असते. बंगालमध्ये मोठी सुट्टी दुर्गापूजेला, आपल्या शाळांना दिवाळीत. मे महिन्यात मात्र दोन्हीकडे शाळा बंद असतात.

वेगवेगळ्या वेळची अदलाबदल म्हणजे ते आत्ता येतील, आपण नंतर जाऊ. गावाकडे दुसरं घर असेल किंवा त्या काळात आई-वडिलांकडे राहता येत असेल तर हे जमतं.

तिसरा प्रकार पॉइंटचा. तुम्ही कुणाला घर दिलंत की खात्यात पॉइंट जमा होतात, ते वापरून तिसऱ्याच कुणाच्या घरी राहता येतं. होमएक्स्चेंज या आंतरराष्ट्रीय संस्थेत हे चालतं. तिथे नाव नोंदवून घराची माहिती टाकायला पैसे पडत नाहीत, पण अदलाबदल पक्की करताना वार्षिक सभासदत्व घ्यावं लागतं, आणि ते सव्वादोनशे डॉलरच्या आसपास जातं. वर्षातून एकदाच आणि भारतातल्या भारतात जायचं असेल तर हा खर्च परवडतो का याचं गणित आधी करा. परदेशाचा बेत असेल तर तो दोन-तीन रात्रींतच वसूल होतो.

चौथा प्रकार पाहुणचाराचा: घरमालक घरातच असतो, तुम्ही एका खोलीत राहता, आणि नंतर ते तुमच्याकडे तसेच येतात. एकट्या माणसाला किंवा निवृत्त जोडप्याला हा छान आहे. मुलाबाळांसह गेलात तर दोन्हीकडच्यांना अवघडल्यासारखं होतं.

३. आपलं घर कुणाला हवं असेल?

‘पुण्यात कोण येणार सुट्टीला?’ असं बरेच जण म्हणतात. येणारे भरपूर आहेत, फक्त त्यांच्या नजरेनं पाहायला हवं. मे महिन्यात आपण उन्हानं वैतागलेले असतो, पण नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला पुण्याची संध्याकाळ थंड वाटते. पावसाळ्यात ताम्हिणी, मुळशी, सिंहगड आणि ६५ किलोमीटरवरचं लोणावळा. आषाढात पालखी, भाद्रपदात गणपती, डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव. योगाभ्यासासाठी मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगार योग संस्थेत देशोदेशीचे लोक येतात. याशिवाय मुलांना कॉलेजात घालायला, नातवंडं बघायला किंवा लग्नाला येणारी मंडळी आहेतच.

त्यामुळे माहितीत ‘पुण्यातलं सुंदर घर’ असं मोघम लिहू नका. कुठून काय किती अंतरावर ते लिहा. मेट्रोचं स्टेशन चालत किती मिनिटांवर आहे हे नक्की टाका. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या दोन मार्गांमुळे गाडी न आणणाऱ्या पाहुण्याची मोठी सोय झाली आहे.

गणेशोत्सवात घर द्यायचं असेल तर त्या दिवसांत पेठांमध्ये कोणते रस्ते बंद होतात आणि ढोल किती वाजेपर्यंत ऐकू येतात हेही सांगा. काहींना नेमकं तेच हवं असतं. तान्हं बाळ असलेल्यांना नको असतं.

४. शोधायचं कुठे

पहिली अदलाबदल ओळखीच्या वर्तुळात करा असं मी आग्रहानं सांगेन. कॉलेजचे जुने वर्गमित्र, नोकरीतल्या दुसऱ्या शहरातल्या शाखा, ट्रेकिंगचे ग्रुप, बृहन्महाराष्ट्र मंडळांतली मंडळी. ‘आमचं पुण्यातलं घर अमुक तारखांना रिकामं आहे, बदल्यात म्हैसूर किंवा बंगळुरूला राहायला घर हवं आहे’ एवढा एक संदेश चार ग्रुपवर टाकला की कुणाचा तरी भाऊ, कुणाची तरी मैत्रीण निघतेच. मधला माणूस दोघांनाही ओळखत असतो, त्यामुळे निम्मी शंका तिथेच मिटते.

फेसबुकवरच्या उघड्या ग्रुपमध्ये टाकणार असाल तर घराचा नेमका पत्ता आणि तुम्ही कधी बाहेरगावी असणार हे एकत्र कधीच लिहू नका. ‘कोथरूड परिसर, मे महिन्यात’ एवढं पुरे.

५. घराची माहिती आणि फोटो

फोटो दिवसा, दिवे लावून, पडदे उघडून काढा. हॉल, प्रत्येक बेडरूम, ओटा, दोन्ही बाथरूम, बाल्कनी आणि इमारतीचं प्रवेशद्वार. बाथरूमचा फोटो नसेल तर समोरचा हमखास विचारतो. फोटोत घर जितकं आवरलेलं दिसतं, पाहुणे आले तेव्हाही तितकंच आवरलेलं हवं.

मग उणिवा लिहा. आमच्या माहितीत हे स्पष्ट लिहिलेलं असतं: तिसरा मजला आहे, लिफ्ट आहे, पण तळमजल्यावर लिफ्टपर्यंत सहा पायऱ्या चढाव्या लागतात. एसी एकाच बेडरूममध्ये आहे. मागच्या बाजूला बांधकाम चालू आहे, सकाळी नऊनंतर आवाज येतो. एका बाथरूममध्ये भारतीय पद्धतीचा संडास आहे. हे वाचून काही जण मागे फिरतात, आणि ते बरंच असतं, कारण जे येतात त्यांना दारात पाऊल टाकल्यावर धक्का बसत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला घेऊन आलेल्या माणसाला त्या सहा पायऱ्या आधी कळायलाच हव्यात.

६. बोलणं आणि पडताळणी

पहिले दोन-तीन संदेश लेखी ठेवा, मग व्हिडिओ कॉल करा, आणि त्या कॉलवर दोघांनीही फोन हातात घेऊन आपापलं घर फिरून दाखवा. ‘नळ सोडून दाखवता का?’, ‘बाल्कनीतून खाली काय दिसतं?’ असे प्रश्न मोकळेपणानं विचारा. स्वतःच्या घरात राहणारा माणूस हसून दाखवतो. दुसऱ्याचे फोटो चोरून जाहिरात टाकणारा इथेच अडकतो. नेट नाही, कॅमेरा बिघडलाय, अशी कारणं सुरू होतात.

एकमेकांना द्यायची कागदपत्रं अशी:

- सर्व प्रौढांचं ओळखपत्र. आधार द्यायचं तर आधारच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार काढा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.
- घर तुमचंच आहे हे दाखवणारं काहीतरी: महावितरणचं बिल, मिळकत कराची पावती किंवा सोसायटीची मेंटेनन्सची पावती. ग्राहक क्रमांक झाकून पाठवलं तरी चालतं. नाव आणि पत्ता दिसला पाहिजे.
- येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि वय.
- दोन्ही बाजूंचा एकेक आपत्कालीन संपर्क, म्हणजे त्याच शहरातला नातेवाईक किंवा मित्र.
- भाड्यानं राहत असाल तर घरमालकाची लेखी परवानगी.

फसवणुकीचा नेहमीचा मार्ग म्हणजे पैसे. ‘डिपॉझिट पाठवा, आल्यावर परत करतो’, ‘क्यूआर स्कॅन करा’, ‘आजच पक्कं केलं नाही तर दुसरं कुटुंब तयार आहे’. अदलाबदलीत घाई कुणालाच नसते आणि आगाऊ रक्कमही लागत नाही. पैशाचा विषय समोरून निघाला की तिथेच थांबा. आणि यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या ज्येष्ठांनाही सांगून ठेवा.

७. सोसायटी, घरमालक आणि पोलीस

पुण्यात बऱ्याच सोसायट्यांमध्ये रोजच्या भाड्यानं फ्लॅट देण्यावरून वाद झालेले आहेत. त्यामुळे अनोळखी कुटुंब बॅगा घेऊन गेटवर दिसलं की वॉचमनपासून सेक्रेटरींपर्यंत सगळे सावध होतात. त्यांचंही चुकत नाही. आपण आधीच चार ओळींचं पत्र द्यावं. मी देते ते असं:

‘माननीय सेक्रेटरी, आम्ही अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बाहेरगावी जात आहोत. त्या काळात आमच्या फ्लॅटमध्ये कोलकात्याचे आमचे परिचित, दोन प्रौढ आणि दोन मुले, पाहुणे म्हणून राहतील. त्यांच्याकडून आम्ही कोणतेही भाडे घेत नाही. ओळखपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. काही अडचण आल्यास आमच्याशी किंवा शेजारच्या फ्लॅटमध्ये संपर्क साधावा.’

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मायगेटसारखं ॲप असेल तर त्यावर पाहुण्यांची नोंद करा. पाहुणे गाडी घेऊन येणार असतील तर ती तुमच्याच पार्किंगमध्ये लावायची हे गाडीच्या नंबरासह कळवा.

‘थोडे पैसे घेतले तर काय बिघडलं?’ असं कुणी सुचवेल. बिघडतं. भाडं घेतलं की प्रकरण पाहुणचाराचं राहत नाही, लिव्ह अँड लायसन्सकडे जातं, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. सोसायटीचे भाडेकरूंसाठीचे नियम आणि पोलिसांकडची भाडेकरू नोंदणी हेही मागोमाग येतं. विजेचं जादा बिल भरून देणं वेगळं, पण मुक्कामाचा मोबदला म्हणून रुपयाही घेऊ नका.

तुम्ही स्वतः भाडेकरू असाल तर आधी तुमचा करार काढून वाचा. जवळपास प्रत्येक करारात ‘दुसऱ्या कुणाला राहायला देणार नाही’ अशी अट असते. मालकांना फोन करा, समजावून सांगा आणि होकार व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या. नकार आला तर विषय तिथे संपला. लपवून करू नका; डिपॉझिट आणि घर दोन्ही धोक्यात येतं.

पाहुणे परदेशी नागरिक असतील तर एक काम टाळताच येत नाही. परदेशी माणूस मुक्कामाला आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवायची असते. लोक याला अजूनही ‘फॉर्म सी’ म्हणतात. २०२५ मध्ये परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा आला, तरी हे बंधन कायम आहे. हॉटेलांसारखंच ते खासगी घरालाही लागू आहे. अडचण अशी की पाहुणे येतील तेव्हा तुम्ही घरी नसता. म्हणून संकेतस्थळावर घरमालक म्हणून खातं आधीच उघडून ठेवा. ते मंजूर व्हायला वेळ लागतो. पासपोर्ट, व्हिसा आणि फोटो आधीच मागवून घ्या, मग पाहुणे पोचल्याचा निरोप आला की तुम्ही जिथे असाल तिथून माहिती भरता येते. वाकड-हिंजवडीकडच्यांनी आपला पत्ता पुणे पोलीस आयुक्तालयात येतो की पिंपरी-चिंचवडच्या, हेही पाहून ठेवावं. भारतीय पासपोर्ट असलेल्या, परदेशातून आलेल्या पाहुण्यांसाठी हे करावं लागत नाही.

८. लेखी ठराव

स्टॅम्प पेपरची गरज नाही. दोघांनी मान्य केलेला एक ईमेल पुरतो, पण त्यात हे सगळं असावं: येण्या-जाण्याच्या तारखा आणि तास, किती माणसं, कोणती खोली बंद राहील, वीज-गॅसचा खर्च कोणाचा, काही फुटलं-तुटलं तर काय, सिगरेट आणि दारू चालेल का, पाहुण्यांचे पाहुणे रात्री राहू शकतील का, झाडं आणि मांजर कोण सांभाळणार, आणि एका बाजूचं रद्द झालं तर दुसऱ्याचं काय.

शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. आजारपण सांगून येत नाही. आमचं ठरलेलं असतं की निघण्याच्या तीस दिवस आधीपर्यंत कुणीही रद्द करू शकतं. त्यानंतर एकाला निघता आलं नाही तर त्यानं दुसऱ्यासाठी त्या शहरात नातेवाइकांकडे किंवा साध्या लॉजमध्ये सोय बघायची.

गाडी किंवा स्कूटर मी देत नाही आणि घेतही नाही. अपघात झाला तर पोलीस, विमा आणि कोर्ट यांत मालक ओढला जातो, आणि दहा दिवसांच्या सोयीसाठी तेवढी जोखीम मला योग्य वाटत नाही.

घराचा विमा असेल तर कंपनीला ईमेल करून विचारा, ‘आम्ही नसताना पाहुणे राहणार आहेत, संरक्षण चालू राहील का?’ उत्तर लेखीच घ्या. विमा नसेल तर निदान चौकशी करा. भारत गृह रक्षा ही सर्व जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे एकाच साच्यात मिळणारी पॉलिसी २०२१ पासून आहे. आग, पूर अशा संकटांसाठी ती चांगली, पण घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

९. तिकिटं

रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं (१ नोव्हेंबर २०२४ पर्यंत ते १२० दिवस होतं). म्हणून घरांचं बोलणं प्रवासाच्या किमान तीन महिने आधी सुरू करा आणि आरक्षण उघडायच्या आत ठराव पक्का करा. मे महिन्यात पुणे-हावडा आझाद हिंद एक्स्प्रेसची तिकिटं पहिल्याच दिवशी संपतात असं धरूनच चाला. दोन्ही कुटुंबांची तिकिटं कन्फर्म झाली की त्यांचे फोटो एकमेकांना पाठवा. वेटिंगच्या भरवशावर कुणी राहू नये.

१०. घर तयार करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दागिने, मूळ कागदपत्रं, चेकबुक बँकेच्या लॉकरमध्ये. खासगी वस्तू एका कपाटात किंवा एका खोलीत घालून कुलूप. बाकीची दोन कपाटं तरी पूर्ण रिकामी हवीत. दहा दिवस बॅगेतून कपडे काढून राहणं कुणालाच आवडत नाही. फ्रीजचा एक कप्पा मोकळा करा. टीव्हीवरची तुमची खाती बंद करा. घरात कॅमेरा असेल तर तो काढून ठेवा, दाराबाहेरचा असेल तर तसं आधी सांगा. घरातला कॅमेरा चालू ठेवून पाहुणे बोलावणं हा माझ्या मते सरळ विश्वासघात आहे.

मग घराची वही. आपण ज्या गोष्टी डोळे मिटून करतो त्या नवख्याला अजिबात कळत नाहीत. आमच्या वहीतली काही वाक्यं जशीच्या तशी देते:

‘सेफ्टी डोअरची किल्ली फिरवताना दार स्वतःकडे ओढून धरा, नाहीतर कुलूप अडकतं.’

‘गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर, लाल दिवा असलेलं. दहा मिनिटं पुरतात.’

‘इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात. मिक्सर, ओव्हन, इस्त्री लावू नका.’

‘पुण्यात दुरुस्तीसाठी बहुतेक वेळा गुरुवारी पाणी बंद असतं. बुधवारी रात्री निळं पिंप भरून ठेवा.’

‘ओला कचरा हिरव्या बादलीत, सुका निळ्या. सकाळी ‘स्वच्छ’ या कचरा गोळा करणाऱ्या संस्थेच्या ताई येतात, बेल वाजली की दोन्ही दारात ठेवा. डायपर आणि पॅड कागदात वेगळे गुंडाळून.’

‘तुळशीला रोज एक तांब्या पाणी. बाकी कुंड्यांना एक दिवसाआड.’

गॅसबद्दल वेगळं पान ठेवा. पाइपचा गॅस असेल तर मुख्य कॉक कुठे आहे त्याचा फोटो; सिलिंडर असेल तर रेग्युलेटर कसा बंद करायचा ते आणि भरलेला दुसरा सिलिंडर. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर खिडकी किंवा एक्झॉस्ट चालू ठेवल्याशिवाय वापरायचा नाही हे मोठ्या अक्षरांत दारावरच चिकटवा. बंद बाथरूममध्ये साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्यानं माणसं दगावलेली आहेत. जमलं तर पाहुण्यांच्या काळात तो बंदच ठेवा.

शेवटच्या पानावर फोन नंबर: शेजारी, सेक्रेटरी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, जवळचं हॉस्पिटल, आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. वही इंग्रजीत किंवा हिंदीतही लिहा. पाहुण्यांना मराठी येईलच असं नाही.

११. मावशी, शेजारी आणि किल्ली

कामाच्या मावशींना विचारल्याशिवाय पाहुण्यांना ‘धुणं-भांड्याला बाई येतात’ असं सांगू नका. अनोळखी घरच्यांचं काम करायला त्या नाही म्हणू शकतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. त्या हो म्हणाल्या तर नेहमीचा पगार आपला, माणसं किंवा काम वाढलं तर जादा पैसे किती आणि कोण देणार हे आधी ठरवा. पाहुण्यांचं नाव त्यांना सांगा, त्यांचं नाव पाहुण्यांना.

किल्ली कुंडीखाली किंवा मीटरच्या खोक्यात ठेवू नका. शेजारच्या काकूंकडे द्या, आणि शक्य असेल तर निघण्याआधी त्यांची आणि पाहुण्यांची फोनवर गाठ घालून द्या. एक जादा किल्ली पुण्यातल्याच नातेवाइकाकडे असू द्या.

१२. परदेशाचा बेत असेल तर

भारतात एक-दोनदा करून बघितल्यावरच याकडे वळा. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, राहण्याचा पुरावा लागतो. हॉटेल नसल्यामुळे घरमालकाचं पत्र, त्याचं ओळखपत्र आणि घराचा पुरावा जोडावा लागतो. काही देशांना याहून जास्त लागतं: फ्रान्समध्ये खासगी घरी उतरायचं असेल तर यजमानानं तिथल्या नगरपालिकेतून दाखला काढून पाठवावा लागतो. तो काढायला समोरचा तयार आहे का हे पहिल्याच बोलण्यात विचारा. व्हिसासाठी खोटं हॉटेल बुकिंग दाखवून नंतर रद्द करायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका.

व्हिसाचं शुल्क प्रौढांना ९० युरो, प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. व्हिसा नाकारला गेला तर अदलाबदल आपोआप रद्द, हे ठरावात लिहा.

१३. तिथे पोचल्यावर आणि परतताना

दार उघडल्यावर बॅगा ठेवायच्या आधी सगळ्या खोल्यांचे आणि विजेच्या मीटरचे फोटो काढा. आधीच फुटलेली फरशी किंवा तडा गेलेला आरसा दिसला तर लगेच घरमालकाला पाठवा. आरोप म्हणून नाही, नोंद म्हणून. काही तुटलं तर त्याच दिवशी कळवा आणि किंमत विचारा. लपवलेला कप परत गेल्यावर सापडतो आणि मन खट्टू होतं.

निघायच्या आदल्या दिवशी चादरी धुवा, फ्रीज पुसा, वापरलेलं तेल-साखर भरून ठेवा, कचरा बाहेर द्या. मीटरचा फोटो पुन्हा काढा.

आपल्या घरी परतल्यावर एका दिवसाच्या आत सगळं तपासून निरोप पाठवा. सगळं ठीक असेल तर तसं, नसेल तर काय ते फोटोसह. आठवड्यानंतर काढलेल्या तक्रारीला अर्थ उरत नाही. पॉइंटच्या संस्थेतून गेला असाल तर अभिप्रायही तेव्हाच लिहा, कारण पुढचं कुटुंब तुमच्याशी बोलायचं की नाही हे तो वाचून ठरवतं. सेक्रेटरींना पाहुणे गेल्याचं कळवा आणि ॲपवरची नोंद काढून टाका.

मे महिन्यात जायचं असेल तर जानेवारीत शोध सुरू करा. दिवाळीसाठी जुलैत, नाताळसाठी सप्टेंबरात. पहिल्या वेळी पाच-सहा दिवसांपेक्षा जास्त ठरवू नका, आणि शहर असं निवडा जिथे तुमचा एखादा तरी नातेवाईक राहतो.